उंदीर ट्रेलरमध्ये शिरण्याआधी तुम्ही ट्रेलरखाली शिरा

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी गाड्यांच्या बॉडी बांधायची शेड आहे. स्कूलबस, टेम्पो, रुग्णवाहिका ही पोटापाण्याची कामं. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन (चाकांवरचं घर) पर्यटनाचं धोरण आलं, त्याच्या आगेमागे कॅम्पिंगचे ट्रेलरही दारात उभे राहायला लागले. कुणी गिरणाऱ्याकडे द्राक्षबागेत पाहुण्यांसाठी ठेवलेला, कुणी गंगापूर धरणाच्या अंगाला शनिवार-रविवारी ओढून नेणारा. एरवी हे ट्रेलर झाकून पडलेले असतात. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात चिखल म्हणून. दसऱ्याच्या सुमाराला मालकाला आठवण होते, तो दार उघडतो, आतला वास नाकात जातो आणि मला फोन येतो.

दाखवतात ते सगळे एकच. कुरतडलेली गादी, लेंड्या, चिंध्या झालेला टिश्यूचा रोल. विचारतातही एकच, की मिस्त्री, औषध कोणतं ठेवू? माझं उत्तर, कोणतंच ठेवू नका. ट्रेलर म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा. त्याला भोक आहे म्हणून उंदीर आत आला. घराला वाटा असंख्य असतात, ट्रेलरला मोजक्याच, आणि त्यातल्या बहुतेक बुडाशी. एक रविवार, अंथरायला पोतं, एक चांगली बॅटरी (टॉर्च) आणि शेजारचा एखादा पोरगा मदतीला, एवढ्यात काम होतं.

आधी कोण येऊन गेलंय ते ओळखा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकाला निमुळती असेल तर घरातला लहान उंदीर. अर्ध्या इंचाच्या जवळपास असेल तर मोठा. उग्र, डोक्यात जाणारा वास असेल आणि गादीला दातही लागलेला नसेल तर ती चिचुंद्री. ती झुरळांच्या मागे येते, धान्याकडे बघत नाही, तिच्यासाठी झुरळं संपवा. घूस सहसा वर चढत नाही, पण ट्रेलरखालची जमीन पोखरते आणि मग ट्रेलर टेकवलेला एखादा जॅक खचून ट्रेलर कलतो. आपला खरा गिऱ्हाईक तो लहान उंदीर. शिसपेन्सिल ज्या भोकातून आरपार जाते, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, तेवढ्यातून तो जातो. मोठ्याला अर्धा इंच लागतो. म्हणून माझ्या खिशात टेप असली तरी या कामाला मी पेन्सिलच वापरतो. गेली तर बुजवायचं.

मादीचे दिवस तीन आठवड्यांत भरतात, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात, आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लंही विण्याजोगी होतात. जूनमध्ये एखादी गाभण मादी शिरली तर दसऱ्यापर्यंत आत काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

भोकं शोधायची कशी

संध्याकाळी अंधारून आल्यावर ट्रेलरच्या आतले सगळे दिवे लावा. पलंगाखालचे कप्पे, सिंकखालचं कपाट, फ्रिजमागची जागा, सगळीकडे बॅटरी टाकायला पोराला आत बसवा. तुम्ही खाली उताणे व्हा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने गोल करा. मग उलट करा, बॅटरी तुम्ही खालून मारा आणि तो आतून बघेल. दोन्ही बाजूंनी बघायचं कारण असं, की प्लायवूडच्या दुहेरी तळात भोकं एकासमोर एक नसतात, आणि उजेड वाकडा जात नाही. उंदीर जातो.

खाली जाण्यापूर्वी हँडब्रेक, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चारही जॅक टेकलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली कुणी जायचं नाही. हे माझ्या शेडमधल्या पोरांना मी रोज सांगतो.

पुढून सुरुवात करा. गाडीला जोडायची सात पिनांची वायर जिथून आत शिरते ते भोक बहुतेक ट्रेलरांत गरजेपेक्षा दुप्पट मोठं असतं. बांधणाऱ्याने ड्रिलला मोठं बीट लावून एकदाच पाडलेलं असतं, आणि त्यातला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, वाळून कधीच पडून गेलेला असतो. माझ्याकडे आलेल्या ट्रेलरांत सगळ्यात जास्त वापरातली वाट हीच. कडेला काळपट, तेलकट डाग दिसला की समजा रहदारी जुनी आहे. उंदराच्या अंगाचा मळ तिथे घासून घासून बसतो.

तिथून चेसिसकडे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याकडे या. चौकोनी पाइपचं चेसिस असेल तर त्याची टोकं उघडी आहेत का बघा. उघडा पाइप म्हणजे पुढपासून मागपर्यंत कोरडा रस्ता, आणि मध्ये कुठेतरी बोल्टासाठी पाडलेलं जादा भोक थेट तळात निघतं. टोकांना प्लास्टिकचं बूच बसवलंत तर ते कुरतडलं जाईल, पत्र्याची टोपी मारा. पण पूर्ण बंद करू नका. पाणी साठून पाइप आतून सडतो. खालच्या अंगाला ५ मिलिमीटरचं एक छिद्र ठेवा, पाणी जाईल, उंदीर जाणार नाही.

मग चाकाच्या वरची पेटी. चाकाचा दणका, चिखल आणि खडी सगळं तिथेच बसतं, त्यामुळे पेटी आणि तळ यांच्यामधलं सिलिकॉन सगळ्यात आधी सुटतं. बाहेरून दिसत नाही, मडगार्डच्या आत हात घालून बोटाने चाचपावं लागतं. टायर ही उंदराची शिडी आहे. टायरवरून वर आला की समोर हीच फट.

सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपाभोवतीची फट, पाणी भरायच्या नळीभोवतीची फट, मागच्या दिव्यांच्या पाठीमागचं कटिंग. टेललॅम्प दोन स्क्रू काढून बाहेर ओढा, मागे बघा. चौकोनी खिडकीच कापलेली असते आणि दिवा नुसता वर चिकटवलेला. पाइपाचं उघडं तोंडही विसरू नका, ट्रेलर उभा ठेवताना त्याला बूच.

फ्रिजच्या बाहेरच्या झडपा आणि छतावरची हवेची खिडकी यांना आतल्या बाजूने पाव इंची वेल्डेड जीआय (जस्त चढवलेली) जाळी लावा. डासांची नायलॉनची जाळी उंदरासाठी काहीच नाही, शिवाय ती इतकी बारीक असते की फ्रिजची हवा कोंडते.

आता एक गोष्ट नीट वाचा. गॅसच्या टाकीच्या कप्प्याला बुडाशी एक मोकळं भोक किंवा झडप असते. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो खाली बसतो आणि तिथून बाहेर पडतो. उत्साहाच्या भरात ते सिलिकॉनने बुजवलेला ट्रेलर मी पाहिला आहे, आणि मालकाला मी तो कप्पा उघडून होईपर्यंत काडी ओढू दिली नव्हती. तिथे जाळी लावायची, बुजवायचं नाही. बसायच्या भागात जमिनीलगत झडपा असतील तर त्यांनाही हाच नियम.

बुजवायचं कशाने

कागद, चिंधी, थर्माकोल नको, त्याचं ते घरटं करतात. फवारायचा पिवळा फोम एकटा नको, तो मऊ असतो, एका रात्रीत आरपार होतो. इपॉक्सी पुट्टी घरात ठीक, पण रस्त्यावर हादऱ्यांनी तिला चीर जाते.

लहान फटीला भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी घ्या. कात्रीने तुकडा कापून स्क्रूड्रायव्हरने घट्ट ठासा, आणि वरून सिलिकॉन किंवा गाडीच्या काचेला वापरतात ते पीयू सीलंट भरा. तार दाताला टोचते म्हणून तो ओढत नाही, आणि सीलंट तिला जागेवर धरून ठेवतं. साधी लोखंडी लोकर घेऊ नका. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात एका मोसमात तिचा गंज होऊन गळून जातो. आणि जिथून वायर जाते तिथे घासणी थेट वायरीभोवती ठासायची नाही. तीही तारच, हादऱ्याने इन्सुलेशन कापेल आणि शॉर्ट होईल. आधी वायरीवर जाड कंड्युट, म्हणजे संरक्षक नळी चढवा, त्याच्या तोंडाला ग्रोमेट, आणि घासणी कंड्युटच्या बाहेरून.

बोट जाईल एवढ्या भोकाला पत्राच लागतो. २६ गेजचा जीआय पत्रा पुरतो. भोकाच्या चारी बाजूंनी इंचभर जास्त घ्या, खाली सीलंटची रेघ ओढा, वर पत्रा दाबा आणि दोन-दोन इंचांवर पॉप रिव्हेट. ड्रिल मारण्यापूर्वी पलीकडे काय आहे ते बघा. पाण्याची नळी, बारा व्होल्टची वायर, गॅसची पाइप, तिन्ही तळालगतच धावतात. ट्रेलरच्या विजेच्या बॅटरीची तार आधी सोडवून ठेवा.

दाराच्या खालचं रबर कुरतडलेलं असेल तर नवीन लावा आणि त्याच्या बाहेरून अॅल्युमिनियमची पट्टी मारा. रबर एकटं टिकत नाही.

एक भोक मात्र शेवटी बुजवायचं. आत कुणी आहे का हे ठरल्याशिवाय सगळं बंद केलंत तर तो भिंतीतच मरेल, आणि मग पॅनेल फोडायला तुम्ही माझ्याकडेच याल. त्यासाठी रांगोळी वापरा. पांढरी रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरवा, सिंकखाली, गाद्यांखालच्या कप्प्यात, त्या शेवटच्या भोकापुढे. कणीक वापरू नका, ती त्याचं जेवण आहे. सकाळी पावलं आणि मध्ये शेपटीची ओढ दिसते. ओळीने काही रात्री रांगोळी जशीच्या तशी राहिली की शेवटचं भोक बंद.

आत असेल तर

सापळा लावा, साधा खटक्याचा. भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. उंदीर मोकळ्या जमिनीवरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. आमिष म्हणून भाजलेलं खोबरं दोऱ्याने बांधा किंवा शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र चेचून खटक्यावर दाबून बसवा. नुसता भज्याचा तुकडा ठेवलात तर तो अलगद उचलून नेतो. लहान उंदीर चौकस असतो, नव्या वस्तूकडे लगेच येतो. मोठा संशयी. त्याच्यासाठी सापळा दोन-तीन रात्री खटका न ओढता नुसता खाऊ घालत ठेवा, मग ओढा. पिंजरा लावणार असाल तर रोज सकाळी बघायला जाणं आलं. उंदीर मारायचा नाही असं बऱ्याच घरांत असतं, तिथे पिंजराच ठीक, पण सोडायला शेताच्या पलीकडे लांब जा. बांधावर सोडलेला रात्री परत हजर. चिकट पुठ्ठा मी कुणाला सांगत नाही. जिवंत उंदीर त्यावर तासन् तास ओढत राहतो, आणि ते सोडवायचं काम घरातल्या बाईवर पडतं.

विषाबद्दल एकदाच सांगतो. शेतात बिळांसाठी झिंक फॉस्फाईड भरड्यात कालवून ठेवतात, त्याच्या पुडीवर तुमचाही हात जाईल. ट्रेलरमध्ये ते नेऊ नका. ओल आणि पोटातलं आम्ल लागलं की त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो, आणि तुम्ही त्याच डब्यात खिडक्या लावून पोरांसोबत झोपणार आहात. दुकानात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं बंद होतं, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरतो आणि सगळ्यात अवघड फटीत जाऊन मरतो. पॅनेलच्या मागे, गरम पाण्याच्या टाकीखाली. तसा अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने उचलला तर विष त्यांच्याही पोटात जातं. म्हणजे जे फुकट काम करतात त्यांनाच आपण मारतो.

डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचं तेल, आवाज करणारी यंत्रं. कापूर-पुदिन्याचा वास लवकर उडतो, आवाजाला उंदीर सरावतो आणि तो आवाज गादीच्या पलीकडे पोचतही नाही. डांबरगोळ्यांच्या वासात उंदीर राहतात, माणसांचं मात्र डोकं धरतं.

उभा कुठे करायचा

माझे एक गिऱ्हाईक डॉक्टर आहेत. ट्रेलर पिंपळगावच्या बाजूला मेहुण्याच्या कांदाचाळीला टेकून ठेवायचे, सावली मिळते म्हणून. मला म्हणाले, "मिस्त्री, उंदीर कांदा कुठे खातो?" कांद्याचं राहू द्या. चाळीच्या बुडाखाली अंधार, वर मक्याची पोती, शेजारी कडब्याची गंजी. मी ट्रेलर तिथून हलवून मोकळ्या मुरमावर ठेवायला लावला.

मोकळी जागा हवी, आणि धान्य, वैरण, कोंबड्यांची खुराडी, जुनी लाकडं आणि शेताचा बांध यांपासून शक्य तेवढी लांब. ट्रेलरभोवती तीन फूट गवत खरडून खडी टाका. उघड्यावरून जायला उंदीर कचरतो, त्याच्यावर घुबडाची नजर असते. फांदी किंवा वेल छताला टेकलेली नको. बाहेरून वीज घेत असाल तर काम झालं की वायर काढून गुंडाळा, रात्रभर लोंबती वायर म्हणजे पूलच. उंदीर चढू नये म्हणून जॅकच्या पायांना पत्र्याचे शंकू बसवणारे लोक असतात. टायर मोकळे ठेवून पायांना पहारा लावण्यात काय अर्थ?

ताडपत्री जमिनीपर्यंत सोडू नका, आत उबदार तंबू तयार होतो. फूटभर वर बांधा. आणि महिन्यातून एकदा तरी जाऊन दार उघडा, दोन-चार फूट पुढेमागे ओढा. जिथे वर्दळ नाही तिथेच घरटं होतं. उंदीर झाले की त्यांच्या मागे धामण येते, कधी नागही. गवतात हात घालताना काठी आधी.

दोन वेळा विशेष जपा. जुलैच्या मोठ्या पावसात बिळांत पाणी भरतं आणि सगळे कोरडी, उंच जागा शोधतात. दुसरी वेळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. सोयाबीन, मका, बाजरी आणि पश्चिमेकडचा भात निघाला की रानात खायलाही नाही आणि लपायलाही नाही, वर निफाडकडे थंडी उतरायला लागते. म्हणून हे खालचं काम गणपतीच्या सुमाराला उरकून टाका.

रिकामा म्हणजे किती रिकामा

पोहे-रवा काढला म्हणजे झालं असं नाही. साबण, मेणबत्त्या, कुत्र्याचं खाणं, टूथपेस्ट, गोळ्यांची पाकिटं, सगळं खाली उतरवा. प्रथमोपचार पेटीतला कापूस आणि टिश्यू हे घरट्याचं उत्तम सामान. गोधड्या आणि चादरी घरी न्या. काही ठेवायचंच असेल तर स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकचा डबा तो कोपऱ्यातून फोडतो. गाद्या भिंतीला उभ्या करा, खण आणि कपाटं उघडी टाका. शेगडीच्या खालचा ट्रे काढून पुसा, तिथे पडलेला फोडणीचा शेंगदाणा सगळी मेहनत वाया घालवतो.

घाण साफ करताना

केरसुणी आणि व्हॅक्यूम दोन्ही बाहेर ठेवा. सुक्या लेंड्या झाडल्या की धूळ नाकात जाते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला बारीक कापलेलं असलं तरी पुरे. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग जुन्या कपड्याने उचला आणि दुहेरी पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही ॲसिड किंवा फिनाईल मिसळू नका. मुतलेला फोम धुऊन वास जात नाही, कव्हर धुवा आणि फोम नवा टाका. भद्रकालीत गादीवाले मापाचा कापून देतात.

निघण्यापूर्वी

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो भूक नसतानाही कुरतडतो, आणि वायर त्याला आवडीची. हंगामातल्या पहिल्या प्रवासाआधी गॅसची नळी पूर्ण लांबी हाताने चाचपा, दाताचा व्रण दिसला तर नळी बदला, चिकटपट्टी नको. नवीन घेताना आत तार विणलेली सुरक्षा नळीच घ्या. रेग्युलेटर चालू करून जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की टाकी बंद. पाण्याचा पंप चालवून खाली थेंब पडतो का बघा.

मग ट्रेलर गाडीला जोडून दिवे. मागचे, वळणाचे, ब्रेकचे. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. कसारा घाट उतरताना मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक दिसलाच पाहिजे. दिवा लागला नाही तर फ्यूज बदलत बसू नका, पुढच्या भोकातली वायर वीतभर बाहेर ओढून बघा.